ब्लॉख फळ्यापाशी थांबले नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीत सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ या वाटेवर अर्ध्या पानाचा लेख आला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला एवढी जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. म्हणूनच त्यातल्या काही गोष्टी दुरुस्त व्हाव्यात अशी कळकळ आहे. लेखात म्हटले आहे की इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती गरगरतो आणि त्यालाच स्पिन म्हणतात. सैद्धांतिक संशोधकाला कागद, पेन्सिल आणि फळा यापलीकडे काही लागत नाही. आणि ही वाट शाळेपासूनच गणितात चमकणाऱ्यांची आहे. या तीनही समजुती मुलांच्या डोक्यात एकदा बसल्या की पुढे काढणे फार जड जाते.

आधी भोवऱ्याचे पाहू. १९२५ साली हॉलंडमधल्या लायडनला उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला स्पिन असतो असे मांडले, तेव्हा त्यांच्याही मनात फिरणारा गोळाच होता. वयोवृद्ध भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांनी गणित करून त्यातली अडचण दाखवली. हे गणित बीएस्सीच्या मुलाला दहा मिनिटांत जमते. इलेक्ट्रॉनची जुन्या पद्धतीने काढलेली त्रिज्या २.८ फेम्टोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग, असे साधारण तीन. एवढ्या भरीव गोळ्याला मोजमापात दिसतो तेवढा कोनीय संवेग (फिरण्याचे माप) हवा असेल, तर त्याच्या विषुववृत्ताचा वेग प्रकाशाच्या सुमारे १७० पट निघतो. त्रिज्या आणखी लहान धरली की वेग आणखी वाढतो. म्हणजे भोवऱ्याचे चित्र दुरुस्त करून वापरता येण्यासारखे नाही, ते सोडूनच द्यावे लागते. शिवाय भोवरा एक पूर्ण फेरा फिरला की पहिल्या जागी येतो. इलेक्ट्रॉनसारख्या स्पिन-अर्धा असलेल्या कणाची तरंग-अवस्था, म्हणजे त्याचे वर्णन करणारा तरंग, ३६० अंश फिरवल्यावर उलट्या चिन्हाची होते आणि ७२० अंशांनी मूळपदावर येते. न्यूट्रॉनचा स्पिनही अर्धाच असतो, आणि १९७५ मध्ये न्यूट्रॉनांचा झोत दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणला तेव्हा हे चिन्ह प्रत्यक्ष दिसले.

मग छापायचे काय? स्पिन हा वस्तुमान आणि विद्युतभार यांच्यासारखाच इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण आहे. त्यामुळे इलेक्ट्रॉन हा छोटा चुंबक ठरतो, आणि कोणत्याही दिशेने मोजला तरी उत्तरे दोनच येतात: वर किंवा खाली. १९२२ मध्ये फ्रँकफर्टला श्टेर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा काचेवर एक पसरट डाग पडण्याऐवजी झोत दोन भागांत फाटला. गरगरणे नसले तरी कोनीय संवेग मात्र खराखुरा असतो. बारीक धाग्याला टांगलेल्या लोखंडी कांबीचे चुंबकन (तिचा एकूण चुंबकपणा) उलटवले की आख्खी कांब किंचित फिरते, इतका खरा. एवढे चार ओळींत मावते, आणि नंतर काही पुसावे लागत नाही.

आता या क्षेत्रातला माणूस नेमके काय करतो ते एका खऱ्या कारकिर्दीतून पाहणे बरे. भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांची निवड आम्ही मुद्दाम करतो, कारण तरंग आणि स्पिन या दोन्ही शब्दांपुढे त्यांचे नाव कायमचे लागले आहे. जन्म १९०५, झ्युरिक. १९२४ मध्ये त्यांनी तिथल्या तंत्रविद्यापीठात, म्हणजे ईटीएचमध्ये, अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आणि लवकरच भौतिकशास्त्राकडे वळले. अभियांत्रिकीची जागा सोडण्यावरून आपल्याकडे किती घरांत वाद होतात ते वेगळे सांगायला नको. ब्लॉख विद्यार्थी असतानाच झ्युरिकच्या परिसंवादात श्रोडिंगर यांनी द ब्रॉयी यांच्या, कण तरंगासारखाही वागतो या कल्पनेवर व्याख्यान दिले. ते संपल्यावर तिथले प्राध्यापक डिबाय म्हणाले की तरंगांबद्दल बोलायचे तर आधी तरंगसमीकरण हवे. थोड्याच दिवसांत श्रोडिंगर समीकरण घेऊन आले. हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो श्रोत्यांत बसलेल्या ब्लॉख यांनी पुढे लिहून ठेवल्यामुळे.

१९२७ मध्ये ब्लॉख लायप्त्सिगला हायझेनबर्ग यांच्याकडे गेले आणि १९२८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, प्रबंध पूर्ण केला. प्रश्न साधा होता. तांब्याच्या तारेत शेजारचे अणू एकमेकांपासून सुमारे अडीच अँगस्ट्रॉमवर बसलेले असतात (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). तरीही खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉन सुमारे ४०० अँगस्ट्रॉम जाईपर्यंत त्याची दिशा बिघडत नाही. दाट उसाच्या फडातून कुणी दीडशे ऊस ओलांडून सरळ जावे आणि एकालाही खांदा लागू नये, तसे हे. गोळी मानली तर हे अशक्य आहे. ब्लॉख यांनी इलेक्ट्रॉनला तरंग मानले आणि अणूंची मांडणी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते ही एकच गोष्ट वापरली. फोरियर विश्लेषणातून, म्हणजे तरंग साध्या लाटांत सुटे करण्याच्या गणितातून, निघाले ते असे की स्फटिकातला तरंग मोकळ्या जागेतल्या तरंगासारखाच सरळ जातो, फक्त त्याच्यावर अणूंच्या अंतराची नक्षी उमटते. पूर्ण नियमित स्फटिक इलेक्ट्रॉनला अडवतच नाही. अडवते ती अनियमितता: अणूंचे थरथरणे, परका अणू, रिकामी राहिलेली जागा. वायरीसाठी ९९.९ टक्क्यांहून शुद्ध तांबे लागते आणि तार तापली की तिचा रोध वाढतो, या दोन्ही गोष्टींचे कारण इथे सापडते. परीक्षेत मुले ‘ब्लॉख प्रमेय’ तोंडपाठ लिहितात, पण रोध अणूंशी टक्कर झाल्यामुळे येतो हे वाक्यही त्याच उत्तरपत्रिकेत असते. बारावीपर्यंत डोक्यात बसलेले चित्र एमएस्सीपर्यंत हलत नाही ते असे.

दुसरे मोठे काम १९३० चे, स्पिन तरंगांचे. ते जरा सावकाश सांगण्यासारखे आहे, कारण सैद्धांतिक माणूस हिशेब कसा करतो ते त्यात दिसते. लोखंडात शेजारशेजारच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेला राहू पाहतात. दोन शेजाऱ्यांत कोन पडला की ऊर्जा खर्च होते, आणि हा खर्च ‘एक वजा कोनाची कोज्या (कोसाइन)’ या प्रमाणात असतो. आता साखळीतल्या डाव्या बाजूचे सगळे स्पिन वर आणि उजव्या बाजूचे सगळे खाली करायचे आहेत. ही १८० अंशांची पिळ एकाच सांध्यात घातली तर खर्च येतो २ एकके. तीच पिळ १०० सांध्यांत वाटली, तर प्रत्येक सांध्यात १.८ अंश पडतात आणि एकूण खर्च येतो सुमारे ०.०५ एकक. चाळीस पटींनी स्वस्त! मुलांनी हे कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहावे, त्याशिवाय ते अंगात मुरत नाही.

या काटकसरीतून ब्लॉख यांनी दोन गोष्टी काढल्या. एक, उष्णतेने चुंबकपणा कमी होतो तो एकेक स्पिन उलटून नव्हे, तर लांबच लांब, अगदी हलक्या कलाच्या लाटांनी. या लाटा मोजल्या की चुंबकन तापमानाच्या दीड घाताच्या प्रमाणात घटते असे निघते. लोखंडात खोलीच्या तापमानापर्यंत ही घट जेमतेम २ टक्के असते. इथे एक चूक हमखास होते. हाच नियम थेट ७७० अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे लोखंडाचा चुंबकपणा नाहीसा होतो त्या क्युरी तापमानापर्यंत, ओढला जातो आणि उत्तर येते फक्त १२ टक्के घट. प्रत्यक्षात तिथे काहीच उरलेले नसते. नियम चुकीचा नाही, तो कमी तापमानाचा आहे. वर गेल्यावर लाटा एकमेकींवर आदळू लागतात आणि आखूड लाटांची ऊर्जा वेगळ्या हिशेबाने चालते. दुसरे असे की, लाटांची हीच बेरीज एकाच पातळ थरासाठी केली तर ती अनंताला जाते, म्हणजे सगळ्या दिशा सारख्या असतील तर अशा थरात चुंबकपणा टिकूच शकत नाही. २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडचा स्फटिकाच्या एकाच थराचा चुंबक मिळाला, तो टिकतो कारण त्या स्फटिकाला स्वतःची एक आवडती दिशा असते. १९३० ची अट इतकी नेमकी होती की तिच्यातली पळवाटही तिथेच लिहिलेली होती.

१९३२ मध्ये त्यांनी हीच पिळ चुंबकातल्या वेगवेगळ्या दिशांनी चुंबकित असलेल्या दोन भागांच्या सीमेला लावली. शेजाऱ्यांचा जोर सीमा रुंद करतो, स्फटिकाची आवडती दिशा ती अरुंद करते. लोखंडात दोन्हींचा तोल सुमारे ३०० अणूंच्या जाडीवर साधतो. तिला ब्लॉख भिंत म्हणतात. ही भिंत सहज सरकली तर लोखंड ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला चांगले, जागच्या जागी अडकून बसली तर कायम चुंबकाला चांगले.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असलेल्या ब्लॉख यांनी जर्मनी सोडली. प्रबंधानंतरची त्यांची पाच वर्षे पाहिली तर झ्युरिकला पाउली यांच्याकडे, मग हॉलंड, पुन्हा लायप्त्सिग, कोपनहेगनला बोर यांच्याकडे, परत लायप्त्सिग, आणि जर्मनी सोडल्यावर रोमला फर्मी यांच्याकडे असा प्रवास दिसतो. १९३४ मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला स्थिरावले. याच काळात वेगवान विद्युतभारित कण पदार्थात किती ऊर्जा गमावतो याचे बेथे यांचे सूत्र त्यांनी पुढे नेले. खारघरला टाटा स्मारकाच्या केंद्रात प्रोटॉन उपचार होतात, तिथे प्रोटॉन शरीरात किती खोल जाऊन थांबेल हे ठरवण्याच्या मुळाशी बेथे-ब्लॉख सूत्र आहे. १५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन पाण्यात साधारण १६ सेंटिमीटर जातो.

आणि इथून पुढे ब्लॉख फळ्यापासून दूर जाताना दिसतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, तरी तो चुंबक आहे का, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १९३९ मध्ये बर्कलीच्या सायक्लोट्रॉन या कण वेगवान करणाऱ्या यंत्रावर आल्व्हारेझ यांच्यासह त्यांनी त्याचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबक म्हणून त्याचे बळ, मोजले. ते आले १.९३ न्यूक्लिअर मॅग्नेटॉन (अणुकेंद्रातल्या कणांसाठीचे एकक). युद्धकाळात काही काळ अणुबॉम्ब प्रकल्पाच्या लॉस अलामॉसला आणि नंतर हार्वर्डच्या प्रयोगशाळेत, शत्रूचे रडार निकामी करण्याच्या कामावर. तिथे रेडिओचे तंत्र त्यांच्या हातात बसले आणि तेच १९४६ च्या प्रयोगात उपयोगी पडले.

तो प्रयोग स्टॅनफर्डला हॅन्सन आणि पॅकार्ड यांच्यासह झाला. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये पाण्याची छोटी कुपी. क्षेत्र सुमारे ०.१८ टेस्ला. त्या क्षेत्रात पाण्यातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन सेकंदाला ७८ लाख वेळा परांचन करतात, म्हणजे त्यांच्या चुंबकपणाची दिशा क्षेत्राभोवती फिरते. एक वेटोळे ७.८ मेगाहर्ट्झचा रेडिओ प्रवाह देते, दुसरे ऐकते. खरी अडचण अशी की देणाऱ्या वेटोळ्याचा आवाज ऐकणाऱ्याला बहिरा करून टाकतो. म्हणून दोन्ही वेटोळी एकमेकांना काटकोनात बसवली, आणि तरी जो थोडा गळता संकेत उरतो तो धातूची छोटी पट्टी सरकवून बेताचा केला. दुसरी भीती वेळेची होती. प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेला यायला किती वेळ घेतील हे आधी माहीत नव्हते. तास किंवा दिवसही लागले असते. म्हणून पाण्यात फेरिक नायट्रेट घातले. यामागे इलेक्ट्रॉनचा स्पिनच आहे. लोहाच्या आयनात एकटे पडलेले इलेक्ट्रॉन असतात, एका इलेक्ट्रॉनचे चुंबकीय आघूर्ण प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट असते, आणि असा दांडगा शेजारी आजूबाजूला हिंडला की प्रोटॉन चटकन ताळ्यावर येतात. साध्या पाण्यातही काम दोन-तीन सेकंदांत होते हे नंतर कळले. आज एमआरआयच्या आधी शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात, ते याच तत्त्वावर. गॅडोलिनियमच्या आयनात असे सात एकटे इलेक्ट्रॉन असतात.

हार्वर्डच्या पर्सेल यांनीही त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, मेणात हाच परिणाम पाहिला होता. १९५२ चे नोबेल दोघांना मिळून मिळाले. पण ब्लॉख यांचे वेगळेपण त्यांनी लिहिलेल्या समीकरणांत आहे. चुंबकन क्षेत्राभोवती फिरते, क्षेत्राच्या दिशेने टी-वन या काळात सावरते, आडव्या दिशेत टी-टू या काळात विरून जाते. एवढीच तीन विधाने. दीड टेस्लाच्या यंत्रात चरबीचा टी-वन पाव सेकंदाच्या आसपास असतो, मेंदूभोवतीच्या द्रवाचा चार सेकंदांच्या आसपास. एमआरआयच्या चित्रात काळे-पांढरे दिसते ते मुख्यतः या फरकातून. आणि हे सगळे ज्या जिवावर चालते तो शिलकी भाग, म्हणजे क्षेत्राच्या दिशेचे प्रोटॉन उलट दिशेच्यांपेक्षा जितके जास्त तो, किती, तर दीड टेस्लाला दहा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम पाच.

आपल्या लेखात मुलांना ‘पुस्तके वाचा, स्वप्ने पाहा’ असा सल्ला आहे. आमचा सल्ला: ब्लॉख समीकरणे संगणकावर सोडवा. सुट्टीत होणारे काम आहे, पायथॉन आणि साधा लॅपटॉप पुरतो. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे चुंबकन आपोआप वाढत जाते, आणि मुले टी-वनमध्ये चूक शोधत बसतात. चूक ऑयलर पद्धतीत, म्हणजे समीकरण छोट्या पावलांनी सोडवण्याच्या सर्वांत साध्या पद्धतीत, असते. ती स्पर्शरेषेवर पाऊल टाकते, त्यामुळे फिरणारा सदिश (चुंबकनाचा बाण) दर पावलाला किंचित लांबतो. एका पावलात ०.१ रेडियन फिरवले तर लांबी अर्धा टक्का वाढते. एका पूर्ण फेऱ्यात ६३ पावले, म्हणजे फेरा संपेपर्यंत ३७ टक्के वाढ. कोन काढून सदिश सरळ फिरवावा, किंवा चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा ही अधिक अचूक पद्धत लहान पावलांनी वापरावी. दुसरी ठेच २πची. प्रोटॉनसाठी ४२.६ हा आकडा टेस्लामागे मेगाहर्ट्झमध्ये आहे; समीकरणात रेडियन हवे असतील तर सेकंदाला २६.७५ कोटी घ्यावे लागतात. तिसरे म्हणजे, दीड टेस्लाला एक सेकंदाचा टी-वन पाहण्यासाठी ६ कोटी ४० लाख फेरे मोजत बसू नये. फेऱ्याबरोबर फिरणाऱ्या चौकटीत जावे, तिथे फक्त फरकाची वारंवारता उरते. या तीन ठेचा खाऊन जो पुढे गेला, त्याला या क्षेत्रात पहिले पाऊल टाकता येते. शाळेत गणितात पहिला आला होता का, हे कुणी विचारत नाही.

पुढच्या वाटेबद्दल लेखात फारसे नाही, म्हणून थोडक्यात. बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटी-जॅम, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षात पीएचडीसाठी जेस्ट, सीएसआयआर-नेट, गेट आणि टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) स्वतःची परीक्षा. आपल्या राज्यात मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयसर या दोन मोठ्या जागा. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडे. पीएचडीला पाच-सहा वर्षे, त्यानंतर दोन किंवा तीन पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या जागा, बहुधा परदेशात. ब्लॉख यांच्याही वाट्याला हे हिंडणे आलेच होते. घरच्यांशी हे आधीच मोकळेपणाने बोललेले बरे. १९५४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेचे पहिले महासंचालकपद ब्लॉख यांना मिळाले, आणि १९५५ मध्ये ते सोडून ते स्टॅनफर्डला संशोधनाकडे परतले. पद मोठे की काम, याचे त्यांचे उत्तर त्यात स्पष्ट आहे.

शेवटी एक छापील चूक. लेखाच्या चौकटीत दीड टेस्लाच्या एमआरआयची वारंवारता ६४ किलोहर्ट्झ छापली आहे. ती ६४ मेगाहर्ट्झ हवी. हजार पटींचा हा फरक खोली बांधतानाही मोजावा लागतो. ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास बाहेरच्या रेडिओ लहरींची आणि विजेच्या उपकरणांची गर्दी असते, म्हणून यंत्राची खोली सगळ्या बाजूंनी तांब्याच्या पत्र्याने मढवतात आणि दाराच्या कडेला धातूच्या लवचीक पट्ट्या बसवतात. तपासणी चालू असताना दार नीट बसले नाही, तर चित्रावर झिपरसारखी एक ठिपक्यांची रेघ आरपार उमटते. तंत्रज्ञ ती रेघ पाहिली की आधी दाराची कडी तपासतात.

आपले,
घनस्थिती भौतिकी शिकवणारे दोन शिक्षक, सांगली